पंख्याची बेल

"बेल वाजल्यावर त्यांनी स्वतः दार उघडलं. म्हणजे ऐकू येतं." पाहणीला आलेल्या साहेबांनी अहवालात एवढंच लिहिलं आणि वायरमनकाकांचे सोबतीचे तास आठवड्याला बारावरून तीनवर आणले.

काकांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. अशा माणसांसाठी सोबती, दवाखाना, सरकारी कागद यांचा मेळ घालणं हे माझं काम. म्हणजे दिवसभर फोनवर भिंतीशी बोलणं. बारा तासांत सोबतीणताई काकांना सगळीकडे नेते, आणि गुरुवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडे. तीन तासांत नुसता दवाखाना उरकतो. बहीण राहिली.

"अहो, बेल दाबली की त्यांच्या खुर्चीसमोरचा पंखा फिरतो," मी साहेबांना फोनवर सांगितलं. "तोंडावर वारा आला की त्यांना कळतं, कोणीतरी आलंय. जुने वायरमन आहेत ते, ही जोडणी त्यांनीच केलीय."

"स्वतः? दिसत नसताना?"

घ्या. मी कपाळाला हात लावला.

फेरपाहणी मिळवायला सहा आठवडे आणि अकरा अर्ज लागले. त्या सकाळी मी काकांच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढलं, "आज उठायचं नाही. दार मी उघडेन."

"का?" ते मोठ्यानं म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते सगळं मोठ्यानंच बोलतात.

"गुरुवार हवाय ना?" साहेबांवरचा राग त्या तळहातावर निघाला. जरा जोरातच लिहिलं मी.

बेल वाजली. पंखा फिरला, काकांचे केस उडाले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. दोनदा अर्धवट उठले, पण बसून राहिले.

साहेबांनी पंख्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "खरंच ऐकू येत नाही हो," म्हणाले आणि बारा तास लिहून दिले. खरं सांगून घसा सुकला तेव्हा पटलं नाही, आणि हे नाटक लगेच पटलं. काय बोलायचं?

साहेब गेल्यावर मी काकांच्या हातावर लिहिलं, "बारा."

त्यांनी मान हलवली. "पुढच्या वेळी न सांगता आले तर?"

काका उठले, भिंत चाचपत गेले आणि पंख्याची वायर उपटून गुंडाळू लागले.

"नको हा आता," ते म्हणाले. "वारा लागला की मला बसवत नाही."