लाखोरीचं पहिलं पाणी

न विचारता सल्ला देण्याची मला खोड आहे. पण रंभाने मला विचारलं होतं, एवढं मी आजही स्वतःच्या बाजूने सांगते.

तिचा नवरा शालिकराम भंडाऱ्याकडचा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि तो खलाशी म्हणून उंच सांगाड्यांवर चढून लोखंडी तुळया बसवायचा. नोकरी पक्की व्हायची होती, पण डॉक्टरी तपासणीत त्याचं वजन आठ पौंड कमी भरलं. चार महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले. तेव्हाही भरलं नाही तर परत गावी. कारखान्याजवळच्या मरोद्याच्या वस्तीत गृहविज्ञान शिकलेली मी एकटीच, रायपूरची, आणि कोणत्या धान्यात किती पोषण याच्या तक्त्यांचं पुस्तकही माझ्याकडेच. म्हणून रंभा आली.

मी तिला एकेक पदार्थ विचारला. भात किती वाट्या, तेल किती पळ्या, सगळं मोजून माणशी भागलं. डाळ म्हणजे लाखोरी, लाखेची डाळ. सासू गावाहून पोतं पाठवायची. तक्ता बघते तर तुरीत शंभराला बावीस भाग प्रथिनं आणि लाखोरीत अठ्ठावीस. काखेत कळसा नि गावाला वळसा, मी म्हटलं. भात कमी करून लाखोरीचंच वरण, वडे आणि भाकर ठरवून दिली.

एकाच ठिकाणी ती अडली. लाखोरी उकळली की पहिलं पाणी ती फेकून द्यायची. सगळा कस त्याच पाण्यात उतरतो, ते टाकून वजन कसं वाढणार, असं मी म्हणाले.

"फेकाच लागते, बाई. माही सासू फेकते, तिची सासू बी फेके."

कशासाठी ते तिला सांगता येईना. ज्याचं कारण सांगता येत नाही तो अडाणीपणा, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी तिला चांगलंच झापलं. त्या दिवसापासून तिने पाणी फेकलं नाही.

वजन वाढू लागलं. भिलाईतल्या पावर हाउस भागाच्या बाजारात धान्याच्या काट्यावर उभा राहून शालिकराम आकडा आणायचा, रंभा तो मला सांगायची आणि मी फुगायची. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पोटऱ्या आखडू लागल्या. कामाचा ताण असेल, मी म्हणाले. मग तो चवड्यांवर चालायला लागला.

तपासणीत डॉक्टरांनी आधी वजन लिहिलं, मग गुडघे ठोकून पाहिले आणि घरात कोणती डाळ खाता ते विचारलं. लाखोरीत विष असतं, ते म्हणाले. पहिल्या पाण्यात त्यातलं बरंचसं निघून जातं. पाण्यासकट, महिनोन्महिने, पोटभर खाल्ली तर पाय जातात आणि गेलेले पाय परत येत नाहीत. माझ्या पुस्तकात विषाचा रकाना नव्हता.

सासू गावाहून आली आणि पाणी फेकायला विसरलीस म्हणून रंभाला नाही नाही ते बोलली. रंभाने माझं नाव घेतलं नाही. शेजारणीकडून हे कळलं तेव्हा मला माझीच किळस आली. तशीच उठून मी त्यांच्याकडे गेले आणि पाणी ठेवायला मी सांगितलं होतं, हे सासूसमोर कबूल केलं. रंभा चुलीपाशी होती, तिने वळूनही पाहिलं नाही.

शालिकराम बाजेवर बसला होता, दोन्ही पाय ताठ समोर. मला रडू आवरेना, तेव्हा तोच माझी समजूत घालू लागला.

"रडू नोका, बाई. तुमचा हिशेब नाही चुकला. वजन बराबर भरलं."