सान जुस्तोच्या टेकडीवर

साडेबारा वाजून गेले तरी फुल्वियाचे फोटो काढणं संपेना, आणि निवेसच्या जिवाची घालमेल वाढत चालली. एकतीस वर्षांनी मेलबर्नहून आलेली थोरली बहीण. तिचं पर्यटकांचं जहाज सकाळी त्रिएस्तेच्या धक्क्याला लागलं होतं आणि पाचला सुटणार होतं. तिकडे सान जाकोमो वस्तीतल्या घरात आई पहाटेपासून चांगले कपडे घालून बसली होती. घेवड्याचं आणि आंबवलेल्या कोबीचं सूप तिने दोनदा गरम केलं असणार.

फुल्वियाच्या पायाला मात्र भिंगरी लागली होती. आधी समुद्रासमोरचा मोठा चौक, मग कालव्यावरचा पूल, मग धापा टाकत सान जुस्तोच्या टेकडीवरचं चर्च. आता तिला मनोऱ्यावर चढायचं होतं.

"ताई, तू गाव बघायला आलीस की आम्हाला?" निवेसने शेवटी विचारलंच.

फुल्विया पायरीवर बसली. कॅमेरा मांडीवर ठेवून बराच वेळ पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी ऑस्ट्रेलियाला निघाले त्या दिवशी आई धक्क्यावर आली नाही. जहाज वळेपर्यंत मी कठड्याला धरून उभी होते. निदान तू तरी सांग, गर्दीत मागे कुठे उभी होती का?"

निवेस तेव्हा नऊ वर्षांची होती. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर ताई लगेच उठली असती.

"नव्हती आली," ती म्हणाली. "घरीच होती. तुझी गादी उसवून बसली होती. सगळी लोकर अंगणात काढून धुतली, वाळवली, हाताने पिंजली. तीन दिवस. कुणाशी अक्षर बोलली नाही. मी बोलायला गेले तर मलाही पिंजायला बसवलं."

फुल्विया उठली आणि उतार उतरू लागली, इतक्या भरभर, की निवेसला मागून पळावं लागलं.

आईने दार उघडलं. लेकीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "वाळलीस," एवढंच म्हणाली आणि वाढायला वळली. जेवताना गोष्टी निघाल्या त्या शेजाऱ्यांच्या, कोण गेलं, कोण उरलं, ऑस्ट्रेलियात भाज्या कशा मिळतात. फुल्वियाने तीनदा सूप घेतलं. निवेसचं लक्ष घड्याळावर. चार झाले, सव्वाचार झाले. टॅक्सी बोलवायला ती उठली, तर आई फुल्वियाच्या ताटलीत पाव ठेवत म्हणाली, "बस गं. जहाज इथून व्हेनिसला जातं ना? तिथे रेल्वेही जाते."

फुल्वियाने मान खाली घालून पाव तोडला. उठली नाही.

निवेस मात्र पासपोर्ट कुठे आहे, सामानाचं काय, कंपनीला कळवायला नको का, असं विचारत खोलीभर फिरत राहिली. दोघी जेवतच राहिल्या. शेवटी तीच फोनपाशी गेली आणि बंदराच्या कचेरीचा नंबर फिरवू लागली.