हेल्गेचं 'हो'

रविवारी संध्याकाळी सव्वासात वाजता बारब्रूबाईंनी अनेलीच्या बाबांच्या मताचं पाकीट उलटून पाहिलं आणि तिच्या हातात परत दिलं.

"हे पेटीत टाकता येणार नाही मला."

देशानं युरो हे नाणं घ्यावं की नको, यावर आज सार्वमत होतं, आणि बारब्रूबाई शाळेतल्या मतदान केंद्राच्या प्रमुख होत्या. एरवी त्या याच शाळेचं वाचनालय सांभाळत, आणि फाटकं पुस्तक परत करणाऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी अनेलीकडे पाहिलं.

"साक्षीदार म्हणून तुझ्या आईनं सही केलीय. बायको नाही चालत ग. मुलंही नाही चालत. बाहेरचं माणूस लागतं."

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं मत घरच्या कुणी नेऊन द्यायचं, अशी सोय आहे. त्यानं आपल्या हातानं चिठ्ठी पाकिटात घालायची, नेणाऱ्यानं आणि एका साक्षीदारानं ते घडताना हजर राहायचं, वर सह्या करायच्या. अनेलीनं सूचना वाचली होती, पण सिग्नेला मांडीवर पाजता पाजता. चार महिन्यांच्या बाळाची आई जशी वाचते तशी, अर्धी.

"मग आता?"

"नवीन पाकीट घे, नव्या चिठ्ठ्या घे. आठला दार बंद." बाईंनी आवाज खाली आणला. "आणि राहिलं तर राहिलं. कुणी काही म्हणणार नाही तुला."

म्हणणार नाहीच. उलट टाळ्या वाजवतील. उन्हाळाभर बाबागाडी ढकलत दुकानासमोर 'युरो नको'ची पत्रकं वाटणारी हीच. प्रचार थांबला तो गेल्या गुरुवारी, परराष्ट्रमंत्र्यांच्या खुनाची बातमी आली तेव्हा. स्वतःचं मत तिनं दुपारीच टाकलं होतं. बाबांचं 'हो' पोचलं की तिचं 'नको' पुसलं जाणार, इतका साधा हिशेब.

गाडीत बसून तिनं घरी फोन लावला. मागून सिग्नेचं रडणं ऐकू येत होतं, आणि ते ऐकताच अनेलीचा सदरा दुधानं ओला झाला.

"जाऊ दे ना," आई म्हणाली. "सांगू त्यांना, दिलं म्हणून. एवढे खुशीत आहेत सकाळपासून. दाढीसुद्धा करून घेतली."

दाढी केली हे ऐकलं नसतं तर कदाचित अनेलीनं जाऊ दिलं असतं.

बाबा एकतीस वर्षं कागद गिरणीत होते. "लोक सकाळी उठून आभाळ बघतात," ते म्हणायचे, "आम्ही क्रोनाचा, आपल्या नाण्याचा, भाव बघायचो. तो हलला की जर्मन गिऱ्हाईक पळालं, की आमची एक पाळी बंद. एकच नाणं असतं तर रात्री झोप तरी लागली असती." आणि बालवाडीत शिकवणारी अनेली दर वेळी विचारायची, "आणि व्याज फ्रँकफर्टातल्या युरोच्या बँकेत ठरलं, इथली बालवाडी बंद पडली, तर मी कुणाच्या दारात भांडायला जाऊ, बाबा?" नाकाला प्राणवायूची नळी लावून ते हसायचे. "माझ्या दारात ये. सवय आहेच तुला." पुढच्या निवडणुकीपर्यंत ते टिकतील असं डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

तिनं गाडी घराकडे न नेता शेजारच्या तुरेच्या अंगणात घातली. वाटेतलं उघडं असलेलं घर तेवढंच. तुरे लाकडं रचत होता. जूनमध्ये युरोवरून हेल्गेशी, म्हणजे बाबांशी, बिनसल्यापासून तो कॉफीला यायचा थांबला होता, आणि त्याच्या फाटकावरचा 'नको' दुरूनही वाचता यायचा.

"तुरेकाका, साक्षीदार हवाय. बाबांच्या मताला."

"हेल्गेच्या 'हो'वर मी सही करू?"

"मत काय आहे ते तुम्हाला दिसणारच नाही."

"आंधळा झालो तरी मला दिसेल ते." त्यानं दोन ओंडके रचले. तिसरा हातात तसाच राहिला. "तू का पळतेयस पण? तू तर आपली."

"मी त्यांची पण आहे."

तुरेनं ओंडका खाली ठेवला आणि हात पुसत गाडीत येऊन बसला.

हेल्गे उशीला टेकून बसला होता. दारात तुरेला पाहून त्यानं भुवया उडवल्या.

"हरलास म्हणून माफी मागायला आलास?"

"अजून अर्धा तास आहे. आणि हरणार तू आहेस."

"मग बस की. कॉफी घे."

"बाबा, वेळ नाहीये," अनेली म्हणाली. तिनं तिन्ही चिठ्ठ्या हेल्गेच्या रजईवर ठेवल्या, हो, नको आणि कोरी. "घ्या, सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करा."

अनेली, आई आणि तुरे रांगेत उभे राहून नदी बघू लागले. सिग्ने आईच्या खांद्यावरून मागे टकमक बघत होती.

"ही बघतेय," हेल्गे म्हणाला.

"तिला मत नाही, चालेल."

मागे कागद खरखरला. मग बराच वेळ नुसता श्वास. एवढीशी चिठ्ठी पाकिटात सारायला त्याला दम लागत होता, आणि मदत करायची नाही असाच नियम होता. अनेलीनं खिडकीची चौकट घट्ट धरून ठेवली. तुरे घसा खाकरून नदीलाच म्हणाला, "सावकाश घे रे."

सह्या झाल्या. आठला सहा मिनिटं कमी असताना शाळेत बारब्रूबाईंनी पाकीट उजेडात धरलं, तिन्ही नावं बोट ठेवून वाचली, तुरेच्या नावावर बोट जरा जास्त थांबलं. मग त्यांनी हेल्गेचं नाव यादीत खोडलं आणि सह्यांचं बाहेरचं पाकीट फोडून आतलं चिठ्ठीचं पाकीट पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनेली सिग्नेला घेऊन बाबांच्या पलंगावर बसली. देशानं 'नको' म्हटलं होतं. ते हेल्गेला रेडिओनं सांगून झालं होतं, तिनं शाळेच्या दारावर लावलेले गावाचे आकडे सांगितले. "नको, चारशे बारा. हो, त्रेसष्ट."

"त्रेसष्ट?" हेल्गे उठून बसायला गेला. "मला वाटलं मी आणि पाद्री. त्रेसष्ट आहोत आम्ही?"

"त्रेसष्ट."

त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की कुणालाही तो जिंकला असंच वाटलं असतं.

"कोण असतील ग?" तो म्हणाला. "दंतवैद्य नक्की. आणि तुरेची बायको, पैज लावतो."

"काहीतरीच, बाबा."

"तू कागद घे. मी सांगतो, तू लिही."

अनेलीनं सिग्नेला त्याच्या कुशीत ठेवलं आणि कागद शोधायला उठली.