कुस्कोच्या पायरीवरचा बूट

मी एक जुना तपकिरी बूट आहे. मी आणि माझा जोडीदार सध्या लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये एका घरात जिन्याखाली असतो. मित्रांनो, मी अटलांटिक ओलांडलेला बूट आहे, त्यामुळे थोडी ऐट सहन करा.

इंग्लंडमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. श्रीनिवास आजोबांनी आम्हांला निवृत्तीनंतर घेतलं ते फिरण्यासाठीच. दर रविवारी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ते आम्हांला पॉलिश करत. कोलंबियातलं कार्ताहेना, मेक्सिकोतलं पुएब्ला, शहरामागून शहर आम्ही पालथं घातलं. स्पॅनिश लोकांनी वसवलेल्या त्या शहरांची ठेवण बरीचशी सारखी. मधे चौक, चौकात चर्च आणि चहूकडे सरळ गल्ल्या. पण चर्चच्या आत काय असतं ते मला विचारू नका. देवाच्या दारात पायताण काढायचं, ही आजोबांची सवय. देव कुणाचा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. बाकीचे बूट खुशाल आत जात, आम्ही दोघं पायरीवर बसून असायचो. मला राग यायचा, खरं सांगतो.

गेल्या वर्षी आजोबा पेरूला निघाले, तेव्हा त्यांचा मुलगा सतीश म्हणाला, "बाबा, या वयात ग्रुपला त्रास नको. काही प्रॉब्लेम झाला, तर ही लास्ट ट्रिप." सोबतीला सतीशची मुलगी, नात सिया होती. टूर नेणारी मीनल वॉटफर्डचीच, आणि गटही सगळा मराठी. प्रत्येकाच्या कानात गाइडचं बोलणं ऐकायचा इयरपीस.

कुस्को शहरातल्या चर्चमध्ये सगळे पुढच्या दाराने आत गेले आणि गाइडने त्यांना बाजूच्या दाराने बाहेर काढलं. आजोबा मात्र मोज्यांवर माघारी आले, कारण आम्ही पुढच्या पायरीवर होतो. लेस बांधायला त्यांना वेळ लागला. कुस्को उंच डोंगरात, तिथली हवा विरळ, वाकलं की धाप लागते. ते बाजूच्या दाराशी पोचले, तर तिथे कुणीच नव्हतं. सगळ्या गल्ल्या एकसारख्या. फोन हॉटेलवर चार्जिंगला, इयरपीसमध्ये नुसती खरखर. ते परत पायरीवर येऊन बसले.

"संपलं आता. सतीश पुन्हा पाठवायचा नाही," ते स्वतःशीच म्हणाले. एवढा मोठा माणूस इतक्या बारीक आवाजात बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळेच ना हे सगळं!

बऱ्याच वेळाने सिया धावत आली. मागून मीनल, हातात फोन.

"अहो काका, किती शोधलं! सगळे बसमध्ये वेट करतायत. पुढच्या म्युझियमचा स्लॉट गेला. सॉरी, पण मला सतीशला कळवावं लागेल."

आजोबा मान खाली घालून माझ्याकडेच बघत राहिले.

"मावशी, थांब," सिया तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "बाबाला माझा नाव सांग. आजोबांचा नको. ते मला म्हणाले होते, बूट घेऊन येतो. मी इयरपीस नाही काढला, नीट ऐकलाच नाही. ते हरवले नाही. आपण त्यांना सोडून गेलो."

मीनलने फोन पर्समध्ये टाकला आणि आजोबांशेजारी पायरीवर टेकली. "बसा काका, दम घ्या. मग सावकाश जाऊ."

आता माझा तळ झिजलाय. आजोबांनी नवे बूट घेतलेत आणि सियाबरोबर ते ग्वातेमालाला निघालेत. आम्हांला पॉलिश होत नाही, याचं दुःख आहेच. जमलं, तर घरातल्या जुन्या बुटांवरून कधी फडकं फिरवा. पण मित्रांनो, माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्याबरोबर चालणारं कुणी लेस बांधायला खाली वाकलं, तर पुढे जाऊ नका. ते उठून उभं राहीपर्यंत थांबा.