बॅटरी काढून नेलेला बंब

मी एक जुना आगीचा बंब आहे, मित्रांनो. स्वभावाने मी पहिल्यापासून संशयी नव्हतो. लाल रंगात न्हाऊन कारखान्यातून आलो, तेव्हा नगराध्यक्षबाईंनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. पुढे मी कापसाचं गोदाम वाचवलं, शाळेचं छप्पर वाचवलं. माझा ड्रायव्हर मला घरच्यासारखा जपायचा.

मग आमची नगरपालिका बरखास्त झाली आणि शेजारच्या महापालिकेत विलीन झाली. मालमत्ता कुणाची, देणी कुणी फेडायची, असा घोळ सुरू झाला. माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागली. एक भंगारवाला रोज येऊन माझे टायर दाबून बघे. त्याचा हात मला आवडत नसे. पण घात केला तो भलत्यानेच. महापालिकेकडून मालमत्तेची मोजदाद व्हायची होती, तिच्या आदल्या संध्याकाळी माझी बॅटरी काढून नेली, ती माझ्याच ड्रायव्हरने.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या अधिकारी बाई आल्या.

"कित्येक महिने बंद आहे, मॅडम. भंगारच समजा," ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या तारांची टोकं चकचकीत होती. "इतके महिने बंद, आणि धुळीचा कण नाही?"

डबा घेऊन आलेली ड्रायव्हरची बायको बोलून गेली, "अहो, पलंगाखाली बॅटरी ठेवलीये, ती याचीच का?"

ड्रायव्हरने कबूल केलं. "पगार थकलेत, मॅडम. भंगारवाला म्हणाला, बंब विकला तरच सुटतील, नाहीतर बुडाले."

"पगाराचं देणं आता महापालिकेकडे आलंय. बंब विका नाहीतर ठेवा, त्याने काही फरक पडत नाही," बाई म्हणाल्या. "त्या भंगारवाल्याला बंब मातीमोल भावात हवा होता. जा, बॅटरी घेऊन या."

बॅटरी बसली आणि मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो. रागाच्या भरात धूर जरा जास्तच सोडला.

आता मी महापालिकेच्या शेडमध्ये असतो. पगार उशिरा झाले, पण झाले. ड्रायव्हरवर ठपका आला, नोकरी टिकली. आगीकडे धावताना आमचं अजूनही छान जमतं.

मित्रांनो, सगळ्यांच्या मालकीची वस्तू कुणी निकामी ठरवली, तर मान डोलावण्याआधी ती एकदा चालू करून बघा. माझा ड्रायव्हर आता बॉनेट उघडण्याआधी कुणाला तरी हाक मारतो, "ये रे, जरा साक्षीला इथे उभा राहा." ते ऐकून मला बरं वाटतं, आणि वाईटही.