मामाचे दोन्ही हात

घरात तिला सगळे खुडबुडी म्हणत. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतंच. कुठल्याही चालत्या वस्तूचं झाकण उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय या पोरीला चैन पडत नसे, आणि कॉम्प्युटर हाती लागल्यापासून तर विचारायलाच नको. पंख्यावरची धूळ ब्रशने काढायची, दोन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत उभं करायचं, शेजारच्या काकूंच्या पडद्यावरची अक्षरं मोठी करून द्यायची, यातच तिची सुट्टी संपे. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. तिथल्या पडद्यावरचे रंग आणि अक्षरं तिने अशी बसवून दिली की वडील बिनचष्म्याने बिलं करायला लागले. "गिऱ्हाइकांना सांगू नकोस हं," ते म्हणायचे, "नाहीतर शटर ओढावं लागेल."

शाळा संपली आणि कॉलेजात काय घ्यायचं हा प्रश्न आला. पण तो प्रश्न आहे असं तिच्याखेरीज कुणालाच वाटत नव्हतं.

"कॉम्प्युटर आवडतो ना? मग कॉम्प्युटर घे," वडील म्हणाले.

"तो घेतला की चार वर्षं प्रोग्रामिंग करावं लागतं, बाबा."

"मग कर की. तुला येतं तर."

खरी गोची तिथेच होती. तिला ते येत होतं. शाळेच्या परीक्षेत गुणही चांगले पडले होते. येत नसतं तर जमत नाही म्हणून ती मोकळी झाली असती. येतं पण आवडत नाही, हे कुणाला आणि कसं समजावणार? त्या ओळी लिहायला बसलं की तिला जांभया यायच्या, पाय आपोआप हलायला लागायचे. शेवटी प्रोग्राम चालला की आनंद व्हायचा, पण तो सुटल्याचा.

आई शाळेत गणित शिकवायची. सराव नाही म्हणून नावड, असं तिचं सरळ गणित. आणि आईचा धाकटा भाऊ, खुडबुडीचा मामा, पोटासाठी प्रोग्रामिंगच करायचा. दोन गल्ल्या सोडून एकटा राहायचा. "एकदा गोडी लागू दे, जेवणाची शुद्ध राहणार नाही," तो भाचीला म्हणायचा. त्याची स्वतःची खरंच राहत नसे. खुडबुडीची आई डबा घेऊन गेली की कालचा डबा तसाच सापडायचा.

प्रवेशाची मुदत जवळ आली होती, तेवढ्यात मामा दिवा बदलायला खुर्चीवर चढला. खुर्ची चाकांची होती.

"चाकांच्या खुर्चीवर?" हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या आईने विचारलं.

"तीच जवळ होती, ताई."

उजवं मनगट मोडलं होतं, कोपरापर्यंत प्लास्टर. डाव्या हाताची दोन बोटं मुरगळलेली, पट्टीने एकमेकींना बांधलेली. ऑफिसने सांगितलं, आराम करा. पण मामा म्हणजे नुसतं बसलं की ज्यांना आजारी वाटायला लागतं, त्यांतला. दुसऱ्याच दिवशी त्याने भाचीला बोलावून घेतलं.

"मी सांगतो, तू टाईप कर. थोडंच काम उरलंय. आणि बघ, करता करता तुलाही गोडी लागेल."

ती बसली. मामा मागे येरझाऱ्या घालत सांगू लागला.

"कंस उघड. तो नाही, महिरपी. हां. आता खालच्या ओळीवर ये. अर्धविराम दे. दिलास?"

"दिला."

"मग लाल का दिसतंय?"

"तू महिरप बंदच करायला सांगितली नाहीस."

"ती समजून घ्यायची असते, बाळा!"

असे तीन दिवस गेले. मामा डोळे मिटून सांगायचा, मधेच थांबायचा, काहीतरी सुचलं की प्लास्टरचा हात मांडीवर आपटायचा आणि कळवळायचा. दुखत असूनही तोंडावर हसू मावत नसे. खुडबुडी ते पडद्याच्या काचेत बघायची. आपल्याला सराव कमी आहे असं आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि अर्धंमुर्धं तिलाही पटलं होतं. पण या माणसाला जे होतंय ते आपल्याला कधीच होणार नाही, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छ कळलं. वाईट वाटलं नाही, उलट जरा हलकंच वाटलं.

चौथ्या दिवशी तिने हात कीबोर्डवरून काढून घेतले.

"मामा, मी टाईप करणार नाही."

"का गं? चुकलं का माझं काही?"

"तुझं तू करशील. मी तुला बसवून देते."

"कसं? पायाने?"

"थोडं पायानेही."

पुढचे दिवस त्या खोलीत नुसता पसारा होता. बोललेलं टाईप करणारा एक प्रोग्राम तिने कॉम्प्युटरवर घातला आणि मामाचे शब्द त्याला शिकवायला बसली. 'महिरप' म्हटलं की कंस उघडायचा, 'मिट' म्हटलं की बंद. पहिल्या दिवशी मामा शिंकला तर पडद्यावर अख्खी ओळ उमटली. दारात आलेल्या पोस्टमनशी तो दोन वाक्यं बोलला, तीही कामात जाऊन बसली. मग तिने माईक बंद-चालू करायला पायाखाली एक बटण दिलं. मोडक्या कीबोर्डमधून तारा काढून दुसऱ्या पायाला दुसरं बटण, चुकलेलं खोडायला. उंदरासारखा सरकवायचा माऊस काढून टाकला आणि जागच्या जागी फिरणारा मोठा चेंडूचा माऊस आणला. तो डाव्या तळव्याने फिरवता यायचा. दोन-दोन कळा एकदम दाबायची गरज पडू नये अशी सोय केली. पडदा जाडजूड पुस्तकांवर चढवला. मग ती बाजूला बसून फक्त बघत राहायची, मामा कुठे अडतो, कुठे वैतागतो, मान कुठे वळवतो. आणि उठून काहीतरी दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवायची.

एका दुपारी मामाने एकट्याने, तिला हाक न मारता, एक पूर्ण पान लिहिलं. ते चालवून बघितलं. चाललं. तो ओरडला म्हणून शेजारचे दार उघडून बघून गेले.

मग त्याने भाचीकडे नीट बघितलं. ती टेबलाखाली आडवी पडून तार चिकटवत होती.

"तुझा चहा गार झाला."

"असू दे."

"जेवलीस का?"

तिने टेबलाखालून डोकं काढलं. आठवेना.

मामाने गार झालेला कप कोपराने बाजूला सारला. मग म्हणाला, "मी उगाच तुझ्यामागे लागलो होतो गं. तुझी गोडी वेगळ्या बरणीत आहे."

"पण या बरणीला काय म्हणतात, तेच माहीत नाही," ती म्हणाली.

त्याचं उत्तर त्याच आठवड्यात घरी चालत आलं. मामाच्या बोटांना व्यायाम द्यायला हॉस्पिटलातून एक थेरपिस्ट बाई यायच्या. त्या दिवशी त्यांनी मामाला काम करत बसलेलं पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायची विसरल्या.

"हे कुणी बसवलं?"

मामाने अभिमानाने हनुवटीने भाचीकडे दाखवलं.

बाई वाकल्या, पायाची बटणं बघितली, चेंडू फिरवून बघितला. "छान आहे. पण चेंडू फार उंचावर ठेवलायस. खांदा उचलला जातोय त्यांचा. महिनाभर असंच चाललं तर हात बरा होईल आणि मान धरेल."

खुडबुडीने बघितलं. खांदा खरंच उचललेला होता. इतके दिवस शेजारी बसून तिला तो दिसला नव्हता.

"हे कुठे शिकवतात?" तिने एकदम विचारलं.

"आमच्याच कॉलेजात. माणसाचं शरीर कसं चालतं ते शिकायचं आणि यंत्र त्याला कसं जुळवून द्यायचं तेही शिकायचं. ये एकदा बघायला."

"प्रोग्रामिंग असतं का?"

बाई हसल्या. "एक पेपर. तेवढ्यातून सुटका नाही."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. लांबलचक खोली होती, टेबलं हँडल फिरवून वरखाली होणारी. कोपऱ्यात एक निवृत्त बसचालक हनुवटीने बटण दाबत पत्र लिहीत होते. पडद्यावरचा बाण हळू चालतो म्हणून ते यंत्राला मनसोक्त शिव्या घालत होते, आणि त्यांच्याजवळ बसलेली विद्यार्थिनी शांतपणे बाणाचा वेग वाढवत होती. खुडबुडी तिथे उभी राहिली ती खोली बंद होईपर्यंत.

घरी बैठक बसली.

"हे डॉक्टरकीत येतं की कॉम्प्युटरमध्ये?" वडिलांनी विचारलं.

"दोन्हीच्या मधे."

"म्हणजे माझ्या दुकानासारखं. भिंगं यंत्राची, नाक गिऱ्हाइकाचं." ते तेवढ्यावर खूश झाले.

आई मात्र खूश झाली नव्हती. तिने तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. "एकच सांग. नको असलेल्यापासून पळतेयस, की हव्या असलेल्याकडे जातेयस?"

खुडबुडी विचार करून म्हणाली, "गेल्या महिन्यापर्यंत पळतच होते, आई. आता जातेय."

आईने वह्या पुन्हा पुढे ओढल्या. "शरीरशास्त्र पाठ करावं लागेल. पाठांतराचा तुला कंटाळा."

"करेन."

"मग भर अर्ज."

पहिलं वर्ष सोपं गेलं नाही. हाडांची नावं तिला रडवून गेली. प्रोग्रामिंगचा तो एक पेपर तिने कडू औषधासारखा नाक दाबून घेतला. मामा दोन रविवार शिकवायला आला, हात बरे झालेले, त्यामुळे टेबलावर आपटायला मोकळा. ती पास झाली आणि त्या विषयाचं पुस्तक तिने कुणाला तरी आनंदाने देऊन टाकलं.

दुसऱ्या वर्षी तिच्या वाट्याला पहिली व्यक्ती आली. एक संगीतशिक्षिका, हात सतत थरथरणारे. कॉम्प्युटरवर स्वरलिपी लिहायला जायच्या आणि एका सुराच्या जागी चार उमटायचे. खुडबुडीने त्यांना काही सुचवलं नाही, काही जोडलं नाही. पहिली सकाळ ती फक्त शेजारी खुर्ची ओढून बसली.

"सुरुवात कधी करायची?" बाईंनी शेवटी विचारलं.

"केलीये," ती म्हणाली. "तुम्ही लिहीत राहा. मी तुमचं मनगट बघतेय."