नाताळातलं बारसं

माझी लेक, यमुना, देवीच्या साथीत गेली, त्याला नाताळात दोन महिने झाल्ते. दीड वर्साची होती. मला रडू आलंच न्हाई. भाकरी थापायची, शेण काढायचं, कुणी बोललं तर हूं म्हणायचं. अंगात काई राह्यलंच न्हव्हतं.

आमच्या मंठ्याकडच्या ख्रिस्ती वस्तीत नाताळला बाया येशूचं बारसं करतात. ही आमचीच रीत, पाळकसाहेबांनी शिकवलेली न्हाई. प्रार्थनेच्या खोलीत पाळणा टांगायचा, वरवंट्याला कुंची घालून त्यालाच बाळ म्हणायचं, अन् एकेकीनं मांडीवर घेऊन शेजारणीला द्यायचं. मंग पाळण्यात.

त्या साली मी जाऊन बसले. शेजारच्या उषाबाईनं माझ्यापुढून हात लांबवला अन् बाळ थेट पलीकडं नंदाबाईला दिलं. पोर गेलेल्या बाईनं पाळण्याला शिवू न्हाई, एवढं जुनं मातर बायांच्या बराबर ध्यानात. देव बदलला, डोस्कं तेच.

दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काईतरी वाटलं. राग आला.

"उषे, मला का न्हाई दिलं?"

"राग नका धरू, सगुणाबाई," ती खाली बघत म्हणली. "बाळाचं काम हाय. लेकुरवाळीनंच करावं."

"मंग आधी मरीयेला बाहेर काढा," मी म्हणले. "तिचा तरणाताठा लेक तिच्या डोळ्यांदेखत खिळे ठोकून मारला. तिनं हात लावायचा का न्हाई या पाळण्याला, सांगा की."

दाराशी म्हातारी सोनूबाई बसल्ती. चार लेकरं पुरलेली बाई, दर नाताळला तिथंच बसायची. ती गुडघे धरत उठली, नंदाबाईच्या मांडीवरून वरवंटा उचलला अन् माझ्या ओटीत ठेवला.

"खरं बोलून राह्यली ही," ती म्हणली. "तो आला तो आपल्यासारख्यांच्याच घरी आला."

दगड गार होता. मी तो छातीशी धरला अन् मला रडू फुटलं, बिलकुल आवरेना. पदर भिजला, नाक वाहू लागलं, पर बरं वाटून राह्यलं. किती दिसांनी मला काई वाटत होतं.

मंग मी सोनूबाईला खाली बसवलं अन् बाळ तिच्या मांडीवर दिलं. तिनं कुंची नीट केली.

"वीस वर्सं झाली," ती म्हणली, "मला कुणी लेकरू दिलं न्हव्हतं." अन् हसली.